गोधडी प्रकल्प: आकारमानी वजनाचा तिढा आणि दुकानाची नवी मांडणी

मागील नोंदीत जिचा धावदोरा (थर जोडणारी हाताची साधी शिलाई) संपत आल्याचे कळवले होते, ती पाच थरांची मोठी गोधडी मार्केटप्लेसवरून, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या ऑनलाइन बाजारावरून, विकली गेली. मात्र हिशोबाच्या पत्रकात कुरिअरची कपात इतकी मोठी निघाली की शिलाईच्या मजुरीचा बराचसा वाटा तिथेच संपला. गोधडीचे वजन दीड किलो आणि आकारणी साडेपाच किलोंची!

सेंटीमीटरमधील लांबी, रुंदी आणि उंचीच्या गुणाकाराला ५००० ने भागून येणारे आकारमानी वजन काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त असेल, तर आकारणी त्यावर होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. माझा खोका ४२×३४×१४ चा, म्हणजे चार किलोंचा होता. आतल्या मऊ मालामुळे झाकण वाटेत फुगले, कुरिअर केंद्रावरील यंत्राने सर्वांत उंच भाग धरून उंची १८ नोंदवली आणि हिशोब ५.१४ किलोंवर, म्हणजे अर्ध्या किलोच्या टप्प्यांनुसार साडेपाचवर गेला. खोक्याला मोजपट्टी लावलेली छायाचित्रे जोडून घेतलेली हरकत कारण न देता फेटाळण्यात आली, याचा संताप अजून गेलेला नाही.

हवा शोषून घेणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या अनेक जण सुचवतात. मला त्या मुळीच पसंत नाहीत. धावदोऱ्यामुळे कापडावर उमटणारी बारीक चुणी हा गोधडीचा जीव आहे आणि त्या पिशवीत नेमकी तीच चेपली जाते. त्याऐवजी लांबीच्या सहा आणि रुंदीच्या पाच घड्या घालून पुढची गोधडी रात्रभर दोन पाटांमध्ये वजनाखाली ठेवली आणि जुन्या साडीच्या काठाच्या पट्टीने घट्ट बांधली. ती ४०×३१×९ च्या तीन थरी पुठ्ठ्याच्या खोक्यात झाकण न फुगता बसली. आकारमानी वजन २.२३ किलो, आकारणी अडीच किलोंची! पाच थरी खोक्याचा आग्रह धरणाऱ्या दुकानदारांचे कापडी मालाच्या बाबतीत ऐकू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

आकारमानी वजनाचे हे सूत्र स्वतःच्या वेबसाइटवर विकतानाही टळत नाही. परंतु तिथे पिनकोडनुसार कुरिअरचा दर आधी दिसतो आणि ग्राहकाला तो स्पष्ट सांगता येतो. पैसे स्वीकारण्याच्या सेवेचे सुमारे दोन टक्के आणि त्या शुल्कावरील १८ टक्के जीएसटी हा खर्चही आधीच ठाऊक असतो. मार्केटप्लेसचे बळ गिऱ्हाइकांच्या वर्दळीत आहे, ते मी नाकारत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांनाही तिथे आपल्या राज्यापुरती विक्री करता येते, हीदेखील मोठी सोय आहे. म्हणून बाळाची दुपटी तिथे आणि मोठ्या गोधड्या वेबसाइटवर, असे ठरवले होते.

मात्र हे लिहीत असतानाच वेगळे सुचले. आजीच्या किंवा आईच्या साड्यांची गोधडी करून द्याल का, अशी विचारणा वारंवार होते. तयार मालासाठी आखलेल्या मार्केटप्लेसच्या चौकटीत ग्राहकाकडून साड्या मागवण्याला जागा नाही. तेव्हा वेबसाइटवर मोठ्या तयार गोधड्यांऐवजी याच कामाला प्राधान्य द्यावे, असे आता वाटते. अर्जात साड्यांची संख्या, कापड सुती की मिश्र, रंग जातो का आणि कोणता काठ दर्शनी हवा, एवढे रकाने पक्के केले आहेत. येणाऱ्या साड्यांचा कुरिअरखर्च दरात धरावा की वेगळा दाखवावा, हे मात्र ठरायचे आहे. हे काम करणाऱ्यांनी आपली पद्धत अवश्य कळवावी.