जिप्सीचे पुढचे कमानपाटे काढून लिंक सस्पेन्शन बसवताना

कमानपाट्याला, म्हणजे लीफ स्प्रिंगला, नावं ठेवणं सोपं आहे, पण तो एकटा किती कामं करतो ते कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. गाडीचं वजन तर तो पेलतोच. शिवाय अ‍ॅक्सलला पुढे-मागे सरकू देत नाही, डावी-उजवीकडे हलू देत नाही, ब्रेक मारल्यावर हौसिंगला (अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या कवचाला) फिरू देत नाही आणि पात्यांच्या घर्षणातून थोडे हेलकावेही कमी करतो. मारुती जिप्सीला पुढे-मागे असे पाटेच आहेत. स्पर्धेसाठी ठेवलेल्या माझ्या 1300 सीसी जिप्सीला पुढे कॉइल स्प्रिंग आणि लिंक (अ‍ॅक्सलला चेसीशी जोडणारे दांडे) बसवायच्या ठरल्या, तेव्हा यातलं एकेक काम कोणाच्या गळ्यात घालायचं इथूनच डिझाइन सुरू झालं.

ही गाडी मी रस्त्यावर चालवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. गाडी ट्रेलरवरून जाते, ट्रेलरवरून परत येते. ज्यांना रोजच्या गाडीला हे करायचंय त्यांनी इथेच थांबावं.

पर्याय तीन होते. रेडियस आर्म सर्वांत सोपा, जिम्नीला कंपनीनेच तो दिलाय. पण त्यात प्रत्येक आर्म अ‍ॅक्सलला दोन ठिकाणी आवळलेला असतो, त्यामुळे एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की दोन आर्म मिळून हौसिंगलाच पिळायला लागतात. ते पिळणं रबरी बुश सोसतील तेवढीच हालचाल मिळते. तिरक्या आर्मची फोर-लिंक खडकांवर उत्तम, पण वरच्या दोन लिंक जिथून जायला हव्यात तिथे इंजिनाचं संप (तळाची तेलाची टाकी) येतं. शिवाय तिला साधी ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) जुळत नाही, हायड्रॉलिक स्टिअरिंगच लागतं. उरली थ्री-लिंक: खाली दोन, वर एक, आणि अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे धरून ठेवणारा आडवा पॅनहार्ड रॉड. कुठेच पीळ नाही. मी हीच घेतली.

आता माझा ठाम आग्रह. बहुतेक जण 'किती इंच लिफ्ट', म्हणजे गाडी किती उंच करायची, इथून सुरुवात करतात. सुरुवात ड्रॅग लिंकपासून करावी. जिप्सीत स्टिअरिंग बॉक्स उजव्या चेसीवर, आणि तिथून ड्रॅग लिंक आडवी डाव्या नकलकडे (चाक वळवणाऱ्या सांध्याकडे) जाते. अ‍ॅक्सल वर-खाली होताना ड्रॅग लिंकचं टोक एका वर्तुळावर फिरतं आणि पॅनहार्डचं दुसऱ्या. ही दोन वर्तुळं जुळली नाहीत, तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं. जुळवायचा मार्ग एकच: पॅनहार्डही बॉक्सच्याच बाजूला चेसीला धरायचा, आणि त्याची लांबी आणि कोन ड्रॅग लिंकच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा. म्हणून मी आधी ड्रॅग लिंकचं मधल्या उंचीवरचं स्थान पक्कं केलं, मग पॅनहार्डचे दोन बिंदू, आणि बाकी सगळं त्यांच्याभोवती.

पॅनहार्डमुळे अ‍ॅक्सल थोडा बाजूला सरकतोच. रॉड 800 मिमीचा आणि उभ्या गाडीत आडवा असेल, तर 100 मिमी वर गेल्यावर सरक येते साधारण 6 मिमी. 500 मिमीचा रॉड असेल तर तीच 10 मिमी होते. म्हणून रॉड लांबात लांब, आणि आडवा.

वरच्या आणि खालच्या लिंकमधल्या उभ्या अंतराचा प्रश्न त्यानंतर. खालच्या लिंक हौसिंगला जमिनीपासून 320 मिमीवर धरल्या आणि वरची त्याच्या 200 मिमी वर. ब्रेकचा जोर टायरखाली जमिनीवर लागतो, लिंक मात्र वर असतात, त्यामुळे तरफेच्या हिशेबाने वरच्या एकट्या लिंकवर त्या जोराच्या 1.6 पट ताण येतो आणि खालच्या दोघींवर मिळून 2.6 पट दाब. अंतर 200 ऐवजी 120 ठेवलं असतं, तर वरच्या लिंकवरचा ताण पावणेतीन पटींच्या जवळ गेला असता. जागा मिळत नाही म्हणून हे अंतर कमी करायचा मोह होतो. तो टाळावा, त्यापेक्षा ब्रॅकेट उंच करावं. मी हौसिंगवर पूर्ण रुंदीचा ट्रस (मजबुतीचा सांगाडा) बसवला आणि वरच्या लिंकचं ब्रॅकेट त्यावर घेतलं.

चेसीकडे हे अंतर थोडं कमी ठेवलं, म्हणजे लिंक मागे जाता जाता एकमेकींकडे झुकतात. त्यामुळे ब्रेक मारला की नाक कमी दबतं, आणि चढावर पुढची चाकं खेचायला लागली की नाक खाली ओढलं जातं. हे मात्र बेतानंच हवं, जास्त झालं तर पुढचा भाग उड्या मारतो. खालच्या लिंक शक्य तितक्या आडव्या असाव्यात. लिंक चेसीकडून चाकाकडे खूप उतरती असेल, तर चाक वर जाताना आधी पुढे सरकतं, म्हणजे दगडात घुसतं. मोठ्या लिफ्टला माझा विरोध आहे तो मुख्यतः याच कारणासाठी.

कॉइलचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. पुढच्या प्रत्येक कोपऱ्यावर स्प्रिंगवरचं वजन साधारण 220 किलो. झोका सेकंदाला 1.4 वेळा हवा, तर स्प्रिंग वजनाने 127 मिमी दबायला हवी. म्हणजे कडकपणा निघतो मिलिमीटरला सुमारे 17 न्यूटन. तेवढी मऊ स्प्रिंग लांब लागते आणि पूर्ण लोंबकळल्यावर जागेवरून सुटू शकते, म्हणून लिमिट स्ट्रॅप (लोंबकळणं रोखणारे पट्टे) लावले.

काम कोल्हापुरात उद्यमनगरात केलं. खालच्या लिंक दगडावर आपटणार, शिवाय ब्रेकला दाबही त्याच घेणार, म्हणून जाड सीमलेस पाइप, टोकांना लेथवर काढलेले आटे. एका टोकाला उजवा आटा, दुसऱ्याला डावा, म्हणजे लिंक न काढता कॅस्टर (चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे-पुढे झुकाव) बदलता येतो. बोल्ट 10.9 ग्रेडचे, आणि प्रत्येक ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी पकडणारं. लेथवाले मामा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, "सगळं आधी टॅकवर, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांवर, ठेवा, पक्कं करायची घाई नको." आधी पीव्हीसी पाइपच्या खोट्या लिंक बसवल्या, पुठ्ठ्याची ब्रॅकेट कापली, ओळंबा सोडून दोन्ही बाजू चेसीशी जुळवल्या.

मग झाली खरी परीक्षा. स्प्रिंग काढून, गाडी स्टँडवर ठेवून अ‍ॅक्सल जॅकने वर-खाली केला. हबला लेझर बांधला होता आणि दोन मीटर पुढे पुठ्ठा उभा होता. प्रत्येक 20 मिमीला पेन्सिलीने ठिपका. चाक एक अंश जरी वळलं, तरी या अंतरावर ठिपका 35 मिमी बाजूला पडतो. ठिपके वर चढत गेले ते पॅनहार्डच्या सहा-सात मिलिमीटरच्या हलक्या कमानीतच राहिले. नंतर एक चाक वर आणि दुसरं खाली करून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं. टायर लिंकला, टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) डिफरन्शियलला, हौसिंग संपला कुठे लागतं का ते बोटं घालून पाहिलं. ब्रेकचे होज लांब लागले, प्रोपेलर शाफ्टचा सरकता भागही लांब करावा लागला.

पक्क्या वेल्डिंगला सर्वांत जास्त संयम लागला. हौसिंगची नळी पातळ असते, एका दमात टाका ओढला तर ती वाकते आणि आतले शाफ्ट तेलसीलं खायला लागतात. बोटभर टाका इकडे, मग बोटभर विरुद्ध बाजूला, हात लावता येईल इतकं गार झाल्यावर पुढचा.

मागचे पाटे तसेच ठेवलेत. स्पर्धेत विंच, दोर, जॅक, सुटे टायर सगळं मागे असतं, आणि त्या वजनाला पाटे चांगले उभे राहतात. चर आडवे ओलांडताना पुढचं चाक आता हवेत लटकत नाही, जमीन शोधत खाली जातं. प्रत्येक फेरीनंतर पॅनहार्डचे दोन्ही बोल्ट टॉर्क पान्याने तपासतो आणि नटावर रंगाची रेघ मारतो. रेघ तुटलेली दिसली की गाडी ट्रॅकवरून बाहेर, कारण पॅनहार्ड सैल झाला की पुढची चाकं थरथरायला लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.