गराजचा दरवाजा ऐकत नसेल तेव्हा

अमेरिकेत आधी कोणी राहिलेले घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांना मी किल्ल्या हातात येतील त्याच दिवशी एक काम उरकायला सांगतो, ते म्हणजे गराजच्या मोटरमध्ये नोंदलेले सगळे जुने रिमोट पुसून टाकणे. पुढच्या दाराचे कुलूप बहुतेक जण बदलून घेतात. पण जुन्या मालकाने शेजाऱ्याला किंवा कामाच्या माणसाला दिलेला रिमोट चालूच राहतो आणि गराजमधून घरात उघडणारे दार तर अनेक घरांत रात्रीसुद्धा लावले जात नाही.

छताला टांगलेल्या मोटरच्या पेटीवर, मागच्या बाजूला किंवा दिव्याच्या झाकणाखाली, ‘लर्न’ नावाचे एक छोटे बटण असते. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर या ब्रँडच्या बऱ्याच मोटरींमध्ये हे बटण साधारण 6 सेकंद, म्हणजे शेजारचा बारीक दिवा विझेपर्यंत, दाबून धरले की सगळ्या नोंदी जातात. मग तेच बटण एकदा दाबून सोडायचे आणि 30 सेकंदांच्या आत रिमोटचे बटण दाबायचे; मोटरवरचा दिवा लुकलुकला किंवा आतून टक्-टक् असा आवाज आला, की नोंद झाली. नवा रिमोट आणायला जाण्याआधी या बटणाचा रंग पाहून ठेवावा, कारण पिवळे, जांभळे, नारिंगी अशा रंगांवरून मोटरची पिढी आणि तिला चालणारा रिमोट ठरतो.

गाडीतल्या होमलिंकच्या, म्हणजे रिमोटचे काम करणाऱ्या गाडीतच बसवलेल्या बटणांच्या, बाबतीत मात्र पुष्कळ जण अर्ध्या वाटेत थांबतात. आजच्या मोटरी रोलिंग कोड वापरतात. रिमोट दर वेळी वेगळा संकेत पाठवतो, त्यामुळे कोणी तो हवेतून टिपून ठेवला तरी पुन्हा वापरता येत नाही. म्हणूनच गाडीने रिमोटची ओळख करून घेतली एवढ्याने भागत नाही, मोटरलाही गाडीची ओळख करून द्यावी लागते. एकाने शिडीवर चढून ‘लर्न’ दाबावे आणि दुसऱ्याने गाडीत बसून ठरवलेले बटण दोन-तीनदा, प्रत्येक वेळी क्षणभर धरून, दाबावे.

नोंद नीट असूनही रिमोट फक्त दरवाजाच्या अगदी जवळून चालत असेल, तर सेल बदलून पाहावाच, पण त्याबरोबर मोटरमधला बल्बही काढून पाहावा. काही एलईडी बल्बांतल्या विद्युत मंडलामुळे नेमक्या रिमोटच्याच रेडिओ लहरींमध्ये गोंगाट होतो आणि रिमोटचा क्षीण संकेत त्यात हरवतो. बल्ब काढल्यावर रिमोट रस्त्यावरूनही चालू लागला, तर कारण सापडले. गराजच्या मोटरीसाठी म्हणून वेगळे एलईडी बल्ब मिळतात, ते बसवावेत. सगळेच रिमोट एकदम बंद पडले आणि भिंतीवरचे बटण तेवढे चालते, असे झाले तर त्या भिंतीवरच्या पट्टीतले ‘लॉक’ कोणाच्या हातून दाबले गेले आहे का, हे आधी पाहावे.

दरवाजा खाली येता येता परत वर जातो आणि दिवा लुकलुकतो, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. लहान मुले दरवाजाखाली सापडून दगावल्यामुळे अमेरिकेत कायदा झाला आणि 1 जानेवारी 1993 पासून बनणाऱ्या घरगुती मोटरींना अशा अपघातापासून संरक्षण देणारी व्यवस्था सक्तीची झाली. दोन्ही बाजूंना जमिनीपासून 6 इंचांच्या आत बसवलेले डोळे, म्हणजे सेन्सर, हे तिचे नेहमीचे रूप: एक डोळा अदृश्य किरणाचा संकेत सोडतो, दुसरा तो घेतो आणि संकेत अडला की खाली येणारा दरवाजा परत वर जातो. आमचा गराज पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी उन्हाची तिरीप थेट संकेत घेणाऱ्या डोळ्यावर येते आणि त्यावरचा एरवी स्थिर असणारा हिरवा दिवा थरथरू लागतो. पकड सैल करून डोळा केसभर वळवला, काच मऊ फडक्याने पुसली, की बहुतेक वेळा काम होते; नाही झाले तर दोन्ही डोळ्यांची अदलाबदल करून घेणारा डोळा सावलीच्या बाजूला न्यावा.

हे सगळे सोडून मोटरचा जोर वाढवणे हा उपाय मला अजिबात मान्य नाही. थंडीत खालची रबरी पट्टी बर्फाने फरशीला चिकटते किंवा जुने ग्रीस घट्ट होते, तेव्हा जोर वाढवण्याचा मोह होतो. पण मग एखाद्यावर टेकल्यावरही दरवाजा दाबतच राहण्याचा धोका निर्माण होतो. दीड इंच जाडीची लाकडी फळी दरवाजाखाली आडवी ठेवून महिन्यातून एकदा तपासावे: फळीला टेकताच दरवाजा 2 सेकंदांत उलटा फिरायला हवा.

दरवाजा पूर्ण बंद असताना मोटरच्या रुळावरून लोंबणारी लाल दोरी ओढून तो मोटरपासून सोडवावा आणि हाताने अर्ध्यापर्यंत उचलावा. तो तिथेच थांबला तर तोल ठीक आहे. घसरून खाली येऊ लागला, तर स्प्रिंग थकली आहे आणि मोटर तिचे ओझे वाहत आहे. वरची ती पिळाची स्प्रिंग प्रचंड ताणाखाली असते. तिला स्वतः हात लावू नये, जाणकार कारागिरालाच बोलवावे आणि तो येईपर्यंत दरवाजा बंदच ठेवावा.