मूर्ती कुठाय?

दिवाळीच्या सुट्टीत आलेले पाहुणे आमच्या चर्चच्या पडवीत चपला काढतात, आत डोकावतात आणि विचारतात, "मेरीची मूर्ती कुठाय? मेणबत्ती कुठे लावायची?" गोवा बघून आलेले तर हमखास. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

आमची मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट वळणाची. 'वडील', म्हणजे ज्येष्ठ, अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडलं. मंडळीनं निवडलेले वडील पाळकांबरोबर, म्हणजे धर्मगुरूंबरोबर, कारभार बघतात. स्कॉटलंडमध्ये 1560 साली ही शिस्त रुजली, आणि कोकणाशी तिची गाठ 1823 साली पडली. स्कॉटिश मिशनरी डोनाल्ड मिचेल बाणकोटला आले आणि त्याच वर्षी वारले. मागून आलेल्यांनी हर्णै-बाणकोटकडे मराठी शाळा काढल्या. पुढे अमेरिकन प्रेसबिटेरियन कोल्हापूरहून घाट उतरून रत्नागिरीला, वेंगुर्ल्याला आले. वेंगुर्ल्यात त्यांनी दवाखाना चालवला. तिथल्या डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट 1919 साली वेंगुर्ल्यातच जन्मला आणि मोठेपणी भारतात अमेरिकेचा राजदूत होऊन आला. मला याचं अजून अप्रूप वाटतं.

आता मूर्तीचं. या पंथात उपासना म्हणजे आधी शास्त्रातलं वचन ऐकणं. देवाची प्रतिमा करू नये ही आज्ञा आमच्या पूर्वसुरींनी अक्षरशः पाळली. म्हणून समोर मधोमध पाळकांचं उंच व्यासपीठ, त्यावर उघडं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, खाली प्रभुभोजनाचं साधं मेज. भिंतीवर एक लाकडी क्रूस, बस्स. बाकी सगळं कोकणातल्या घरासारखं: जांभ्याचे चिरे, उतरतं छप्पर, मंगलोरी कौलं. ती कौलंही मिशनचीच देणगी; 1860 च्या दशकात स्वित्झर्लंडच्या बासेल मिशननं मंगळूरला त्यांचा कारखाना काढला.

लहानपणी मला हे चर्च ओकंबोकं वाटायचं. कॅथलिक मैत्रिणीकडच्या वेदीवरची फुलं, सोनेरी नक्षी बघून हेवा वाटायचा. आजी मला पहिल्या बाकावर बसवून म्हणायची, "डोळे मीट, कान उघड." तेव्हापासून मला त्या पांढऱ्या भिंती आवडतात, आणि त्या रंगवायचा विषय निघाला की मी कडाडून विरोध करते.

आषाढात मात्र कौलांवर पाऊस असा कोसळतो की पहिल्या बाकालाही वचन ऐकू येत नाही. पाळक शास्त्रावर हात ठेवून थांबतात. मग कुणीतरी पेटी ओढतं, आणि पागोळ्या गळत असतात तोवर आम्ही ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणतो. टिळकही आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच, करजगावचे.