नाशिक ते खारघर: दोन घरची जेवणं आणि वाटेत केलेला एक गाढवपणा

यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली आणि तीन दिवस हाताशी लागले. ठाण्याची मैत्रीण नौपाड्यात, दुसरा मित्र खारघरला, आणि दोघांकडे जायचं वर्षभर नुसतं बोलणं चाललेलं. शनिवारी सकाळी आठला नाशिक सोडलं. गाडी मी चालवत होते आणि नवरा शेजारी बसून खात होता, म्हणजे नेहमीचीच कामाची वाटणी. डिकीत द्राक्षांच्या दोन पेट्या आणि चिवडा.

जाताना मुद्दाम समृद्धी टाळून कसारा घाटाने उतरलो. जोडून सुट्टीच्या शनिवारी अख्खी मुंबई नाशिककडे निघते. समोरची मार्गिका तुंबलेली, आपली मोकळी, त्यामुळे उलट्या दिशेने जाणाऱ्यांची चैन असते. फक्त माणकोली ते माजिवडा हा तुकडा गोदामांच्या ट्रकमुळे कधीच मोकळा नसतो. तिथे पाऊण तास जाणार हे धरूनच निघा.

आता तो गाढवपणा. शहापूरच्या अलीकडे ‘नुसता चहा घेऊ’ म्हणून एका ढाब्यावर थांबलो. चहाबरोबर भजी आली, भज्यांमागून पिठलं-भाकरी. पिठल्यावर तेलाचा थर, भाकरी कडेला कच्ची, तरी भूक लागल्यासारखं वाटून दोघांनी ताट संपवलं. वाजले होते साडेदहा, आणि साडेबाराला मैत्रिणीच्या सासूबाईंनी पानं मांडली होती.

त्या सीकेपी. शनिवार पाळत नाहीत हे मैत्रिणीने आधीच सांगितलं होतं. पानात वालाचं बिरडं, सोड्याची म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची खिचडी, सोलकढी, तळलेले पापड. बिरड्याचे वाल दोन दिवस आधी भिजवलेले, मोड आणून एकेक सोललेले. सोललेल्या डाळिंब्या ओल्या नारळाच्या रसात शिजलेल्या, पण एकही फुटलेली नाही. आधी कडवट चव लागते, मग गूळ, मग आमसूल. मी दुसऱ्यांदा घेतलं आणि तिसऱ्या घासाला हात थांबला. काकूंनी पानाकडे पाहिलं. “वाटेत खाऊन आलात ना गं?” मी नाही म्हणाले. नवरा त्याच क्षणी हो म्हणाला.

तेव्हा पहिला सल्ला हाच. घरी जेवायला बोलावलं असेल तर घाट उतरल्यावर काही खाऊ नका. फारच भूक लागली तर डिकीतली द्राक्षं आहेत.

संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या, पोटासाठी. रात्री काकूंनी फक्त ताक दिलं. ती शिक्षा होती की दया, अजून कळलेलं नाही.

रविवारी सकाळी मामलेदार मिसळ. गाडी सोसायटीतच ठेवून रिक्षाने जा. स्टेशनच्या त्या भागात सुट्टीच्या दिवशी पार्किंग शोधण्यात भूक मरते. आम्ही नाशिककर, तिखटाचं आम्हाला काय सांगता, अशा तोऱ्यात मी ‘तिखट’ सांगितली. ताटलीभर तांबडा रस्सा आला. चौथ्या घासाला कानातून वाफ. आमच्याकडे पापड, दही घेऊन आरामात मिसळ खायची सवय. इथे टेबलामागे पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मध्यम घ्यावी आणि त्यावर स्टेशनजवळच्या कुंजविहारची लस्सी. तिथला वडापावही मोठा असतो, पण आम्ही शहाणे झालो होतो. वडापाव खायचाच असेल तर नौपाड्यात गजानन आहे, तिथली बेसनाची पिवळी चटणी वेगळीच. आम्ही ती नुसती पाहून पुढे गेलो, संध्याकाळची पोपटी, म्हणजे शेतात मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, डोळ्यांसमोर होती.

ठाण्याहून नवी मुंबईला कळवा-विटाव्यातून जाणं टाळलं. आनंदनगर, मुलुंड आणि ऐरोली पूल असा रस्ता घेतला. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही, त्यामुळे हा वळसा फुकटात पडतो. वाटेत पाम बीच रस्त्याला लागून नेरूळच्या पाणथळीपाशी फ्लेमिंगो दिसले. पाच मिनिटं थांबलो.

खारघरच्या मित्राचं गाव पनवेलच्या पलीकडे. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की रायगडात शेताशेतांत पोपटी लागते. हॉटेलात जाऊन ‘एक पोपटी’ मागायचा हा पदार्थ नव्हे. ओळखीचं शेत, दहा-बारा माणसं आणि मोकळी संध्याकाळ लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, तो बांधावर आपोआप उगवतो. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग बटाटे, कांदे, रताळी, अंडी, आणि केळीच्या पानात गुंडाळलेलं मसाल्याचं चिकन. पुन्हा शेंगांचा थर, तोंडाशी पाला गच्च. पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ.

अर्ध्या तासाने मित्राच्या वडिलांनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. “झाली,” म्हणाले. कागदावर ओतल्यावर जो वास आला तो मला सांगता येणार नाही. ओव्याच्या आसपासचा, धुरकट, थोडा रानातला. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे तोंडात, साल हातात. काल नारळाच्या रसात शहाण्यासारखे वागणारे वाल आज मिठात आणि धुरात उंडारत होते. चिकन चांगलं होतं, पण मी शेंगांनाच चिकटून राहिले. साडेदहा वाजले तरी कोणी उठेना.

जाणार असाल तर महिनाभर आधी यजमानाला विचारा. शाकाहारी कुणी असेल तर वेगळं मडकं लागतं, तेही आधीच सांगा. सुती कपडे घाला, स्वेटर आणि टॉर्च ठेवा. शेतातून मुख्य रस्त्याला येईपर्यंत दिवे नसतात, आणि पोट भरलेल्या माणसाला बांध दिसत नाही. आम्ही रात्री खारघरलाच मुक्काम केला, तेच बरं.

सोमवारी परत येताना मुंब्रा बायपास, खारेगाव, माणकोली करत आमण्याला समृद्धी पकडली. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. घाट कधी संपला तेच कळत नाही, बोगद्यातून थेट इगतपुरीला. परतीसाठी उत्तम, कारण परतताना कोणाला भूक नसते. मात्र चहाचा थर्मास भरून घ्या. आम्हाला इगतपुरीपर्यंत घोटभरही मिळाला नाही.

ठाण्याहून निघताना काकूंनी किलोभर वाल पिशवीत घातले होते. ते सोमवारी रात्री भिजत टाकले. आज बुधवार, मोड बोटभर आलेत, आणि सोलायला नवऱ्याला बसवलंय.