शेवंतीचा पावसाळा

थंड देशांत बहुवर्षायू फुलझाडांची कसोटी हिवाळ्यात लागते. गोव्यात पारा २० अंशांखाली फारसा उतरत नाही. शेवंती इथे हिवाळ्यात फुलते आणि तिच्या जिवावर बेततो तो पावसाळा. वर्षाचा सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि ढगांमुळे आठवडेच्या आठवडे ऊन नाही, अशा हवेत तीच झाडे वर्षानुवर्षे राखणे शक्य नाही, असे समजून आमच्या फोंडा तालुक्यात बरेच जण दर दिवाळीला नवी कुंडी विकत आणतात. मी मात्र घरची पिवळी शेवंती गेली काही वर्षे पावसाळ्यातून पार नेत आले आहे.

तयारीला सुरुवात फुले संपताच होते. फेब्रुवारीत मी फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून छाटते. बुडाशी नवे फुटवे येतात, त्यांना एप्रिल-मेच्या उन्हात माडाच्या सावलीत ठेवून नेमाने पाणी देते. मेअखेरीस, रोहिणी नक्षत्रात, जुना गड्डा उपटून मुळे धरलेल्या काश्या, म्हणजे बुडाशी आलेले हेच फुटवे, वेगळ्या करते आणि त्यांतल्या जोमदार तेवढ्याच पुन्हा लावते. जुना, लाकडासारखा कठीण झालेला भाग ठेवण्याचा मोह होतो, पण कूज बहुधा तिथूनच सुरू होते.

माझ्या अनुभवात सर्वांत महत्त्वाची गोष्ट कुंडीतली माती. शेवंतीची मुळे उथळ असतात आणि त्यांना हवा लागते. पाण्याने भरलेल्या मातीत ती गुदमरतात व बुरशीला वाट मिळते. थंड देशांतही अनेक बहुवर्षायू झाडे गारठ्यापेक्षा हिवाळ्यातल्या ओल्या, निचरा नसलेल्या मातीने मरतात, हे वाचल्यावर आपल्या आणि त्यांच्या बागेतले दुखणे एकच आहे, याची मला खात्री पटली. आमची जांभ्याची तांबडी माती पावसात चिकट होते, म्हणून मी तिच्यात तितकीच जाडी रेती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळते, तळाला फुटक्या कौलांचे तुकडे घालते आणि कुंड्या चिऱ्यांवर उचलून ठेवते, जेणेकरून खालचे भोक मोकळे राहील. कुंडीखालच्या थाळ्या मृगापूर्वीच काढून टाकाव्यात.

कुंड्यांची जागा पडवीच्या कडेला, जिथे उजेड भरपूर आणि थेट सरी कमी. चारही बाजूंनी प्लास्टिक बांधणे मला पटत नाही. आत दमट हवा कोंडते आणि पानांवर काळे ठिपके अधिक वेगाने पसरतात. ठिपके पडलेली खालची पाने दिसताच खुडून बागेबाहेर टाकते. पावसाने उघडीप दिली, की बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक, फवारते. कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, असलेल्या घरांत ते नवे नाही, कारण सुपारीची फळे कुजवणाऱ्या कोळे रोगावर एक टक्क्याचे मिश्रण पूर्वापार मारले जाते. शेवंतीच्या कोवळ्या पानांसाठी मी त्याच्या निम्म्या तीव्रतेचे, म्हणजे एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम मोरचूद व ५ ग्रॅम चुना, असे करते. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतावे आणि त्यात लखलखीत सुरी बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

गोगलगायी रात्री विजेरी घेऊन वेचाव्या लागतात. त्यांना मारायला मीठ वापरले, तर ते कुंडीत पडू देऊ नये.

या काळात युरियासारखे खत मी देत नाही, कारण उन्हावाचून वाढलेले लुसलुशीत देठ पहिल्या जोराच्या सरीत लोळतात. शेंडे खुडणे मात्र चुकवत नाही. जुलैपासून सुरू करून सप्टेंबरच्या आरंभी थांबवते, म्हणजे झाड बुटके, भरगच्च होते. चतुर्थीनंतर पाऊस ओसरला, की कुंड्या एकदम उन्हात न नेता आठवडाभर सकाळचेच ऊन देते आणि मग पातळ शेणखताचे पाणी सुरू करते. शेवंतीला कळी धरण्यासाठी रात्र लांब आणि काळोखी लागते, म्हणून अंगणातल्या रात्रभर जळणाऱ्या दिव्यापासून कुंड्या दूर ठेवाव्यात. लहान फुलांची पिवळी आणि पांढरी जात या सगळ्यातून चांगली तगते; मोठ्या फुलांच्या विकतच्या जातींतल्या थोड्याच टिकल्या, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्यांना शेजारच्या घरातून घरगुती शेवंतीच्याच काश्या मागून आणण्यास मी सांगते.