आधी पाणी कुठं जाणार ते सांगा, टाईल्स मग पाहू

आईचे गुडघे आता जिना चढत नाहीत. आणि आमच्याकडं संडास-बाथरूम दोन्ही वरच्या मजल्यावर, कारण वर बांधकाम काढलं तेव्हा सगळी सोय तिथंच करून घेतली आणि खालची जुनी न्हाणी स्वयंपाकघरात मोडली. तर आता खाली जिन्यामागं जी धान्याची खोली आहे तिथं नवीन बाथरूम काढायचं चाललंय. घरात चर्चा कशावर, तर टाईल्स निळ्या की पांढऱ्या, गिझर कोणता, शॉवर पाहिजे की नको. पाणी कुठून बाहेर जाईल हे कोणी विचारतच नाही. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणे, "भाऊ, तुमी काऊन टेन्शन घेऊन राहिले, पानी त उताराकडंच जाते ना."

जाते, बरोबर आहे. पण उतार आहे किती?

आमचा ओटा चांगला दोन फूट उंच, म्हणून सगळे म्हणतात उतार भरपूर आहे. पण ती उंची घरापाशी आहे, टाकीपाशी नाही. मागं सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, सेप्टिक टँक आहे, तिच्या तोंडाची पातळी ठरलेली, ती काही आता खाली-वर होत नाही. म्हणून मी हिशोब तिकडून सुरू केला. टाकीचं झाकण उघडून पाहिलं तर आत येणाऱ्या पाईपचं बूड अंगणापासून १८ इंच खाली. तिथून खोलीच्या भिंतीपर्यंत ३२ फूट. चार इंची पाईपला ४० फुटाला १ फूट उतार द्यावा असं माप आहे, म्हणजे दर १० फुटाला ३ इंच, म्हणजे ३२ फुटाला जवळपास १० इंच गेले. राहिले ८. त्यात पाईप स्वतःच चार-साडेचार इंच जाड, मग भिंतीपाशी पाईपवर माती किती येते, तर साडेतीन-चार इंच! त्यावरून सोयाबीनच्या टायमाला थ्रेशर लावलेला ट्रॅक्टर जाणार म्हटल्यावर झालंच की मग. त्यामुळं लाईन अंगणातून सरळ न नेता भिंतीच्या कडेकडेनं न्यायची ठरवली, तिथून गाडी जात नाही, आणि वरून काँक्रीट करून फरशी टाकायची. कडेनं नेली की लांबी वाढते आणि लांबी वाढली की उतार पुन्हा खातो, म्हणून ६० फुटाला १ फूट इथपर्यंत खाली यायची तयारी ठेवलीय, पण त्याहून सपाट नाही. वळणावर काटकोनी बेंड नाही, ४५ चे दोन बेंड आणि तिथंच चेंबर, म्हणजे काही अडकलं तर बांबू घालायला जागा राहते.

हे सगळं मापायला काही मशीन लागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक भिंतीवरच्या खुणेला धरायचं, दुसरं टाकीपाशी खुंटीला, दोन्हीकडं पाणी एकाच पातळीवर थांबते. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकते, म्हणून नळी आधी हळूहळू भरून घ्यायची. पुतण्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, आणि आई ओट्यावरून सूचना देऊन राहिली.

कमोड घ्यायचा हे आईच्या गुडघ्यांमुळं ठरलेलंच. पण कमोडमध्येही पी ट्रॅप आणि एस ट्रॅप असे दोन प्रकार असतात हे दुकानात गेल्यावर बऱ्याच लोकांना कळते. एस ट्रॅपचं पाणी खाली फरशीतून जाते, म्हणजे ओटा खोदा. पी ट्रॅपचं मागून भिंतीतून निघते, फरशीच्या ७ इंच वर. आम्हाला बाहेरची भिंत लागूनच आहे, मग पी ट्रॅप, खोदाखोदी नाही.

मिस्त्रीचं म्हणणं होतं की वरच्या संडासाचा उभा पाईप बाजूनंच खाली येते, त्यालाच खालचा कमोड जोडून टाकू, पाईप वाचते. याला मी साफ नाही म्हटलं. खाली कुठं तुंबलं की वरच्यांनी फ्लश केलेलं सगळं खालच्या कमोडमधून वर येणार, कारण सगळ्यात खालचं तोंड तेच. तळमजल्याची लाईन वेगळी चेंबरपर्यंत न्यावी हेच बरं, चार पाईप जास्त लागले तर लागले. टाकी मात्र तीच चालते, संडास दोन झाले म्हणून माणसं काही डबल होत नाहीत.

खरी डोकेदुखी आंघोळीच्या पाण्याची. ते सेप्टिक टँकमध्ये सोडायचं नाही, कारण बादल्यावर बादल्या पाणी गेलं की टाकीत मैला खाली बसायला वेळच मिळत नाही, आणि साबण-फिनाईलनं आतले जिवाणू मरतात ते वेगळंच. मग समोरच्या नालीत सोडा, तर रोड दरवेळी जुन्यावरच नवीन होते, रोड वर गेला, त्यासोबत नाली वर गेली, आणि आता नालीचं बूड आमच्या अंगणापेक्षा उंच आहे. पावसाळ्यात तर नालीचंच पाणी घरात यायला पाहते.

मग शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीतच जिरवायचा खड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घराघरात शोषखड्डे करून गावातल्या उघड्या नाल्या बंद केल्या, ते उदाहरण सगळीकडं सांगतात आणि काम खरंच भारी आहे. पण आमचं गाव पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं, खाली नुसती काळी चिकण माती, मुरूम लागतच नाही. पाऊस पडला की ही माती फुगून बंद होते, पाणी पीतच नाही. श्रावणात खड्डा भरून राहणार हे दिसतंय. म्हणून खोल खड्डा न करता सांदवाडीत लांब, उथळ चर काढायचा, आधी एक छोटं टाकं ज्यात केस-गाळ अडकेल, आणि चराच्या दोन्ही बाजूनं कर्दळ आणि केळी. पाणी जमिनीनं नाही तर झाडांनी प्यावं. पावसाळ्यात तिथं थोडा चिखल राहील, राहू द्या.

हीच माती उन्हाळ्यात इतकी फाटते की भेगेत अख्खा हात जाते. तिच्यात पाईप नुसता पुरला तर दोन-तीन वर्षांत जॉइंट हलले समजा. म्हणून खाली-वर आणि बाजूनं मुरूम, तो बाहेरून ट्रॉलीनं आणायचा, आणि भिंतीतून पाईप निघते तिथं सहा इंची पाईपचा तुकडा बसवून त्यातून चार इंची काढायची, म्हणजे जमीन हलली तरी पाईप भिंतीत आवळून तुटणार नाही.

न्हाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालचा, स्वस्तातला घ्यायचा नाही, आत दोन इंच पाणी कायम राहिलं पाहिजे, वास तेच पाणी अडवते. मे महिन्यात आम्ही बाहेरगावी गेलो की ते सुकते आणि परत आल्यावर घर घाण मारते, तेव्हा निघताना शेजारच्या काकूंना सांगून ठेवायचं, मधेमधे एक तांब्या ओतत जा.

काम आखाजी (अक्षय तृतीया) झाल्यावर सुरू, मृगाच्या आत संपलं पाहिजे, एकदा माती ओली झाली की चरात उभंही राहता येत नाही. बुजवायच्या आधी टाकीकडचं टोक बंद करून पाईप भरून ठेवणार आणि जॉइंट पाहणार. आणि टेप लावून फोटो काढणार, कारण वरची लाईन नेमकी कुठून गेली हे आज आमच्या घरात एकालाही सांगता येत नाही, आणि मिस्त्रीला तर नाहीच नाही.