व्हिल्वेरिनचे दरोडेखोर अखेर फर आर्मरमध्ये

काल रात्री पावणेदोनला ऑब्लिव्हियन या गेममधल्या व्हिल्वेरिनच्या भग्नावशेषात उतरलो, माझा मॉड (गेममध्ये चाहत्याने केलेला बदल) तपासायला. कॅरेक्टर २२ लेव्हलचं. पहिल्याच वळणावर दरोडेखोर धावून आला आणि त्याच्या अंगावर चक्क फर आर्मर, म्हणजे अगदी साधं चिलखत! हातात लोखंडी तलवार, कमरेला किरकोळ नाणी. मी ढाल पुढे धरून दोन मिनिटं नुसता त्याला बघत उभा राहिलो. तीन आठवडे याच एका माणसासाठी घालवले होते.

मागचा अपडेट वाचलेल्यांना आठवत असेल, बँडिट्सचा, म्हणजे दरोडेखोरांचा, पीसी लेव्हल ऑफसेट (खेळाडूच्या लेव्हलप्रमाणे त्यांची लेव्हल वाढवणारी सोय) काढून त्यांना ४ ते ९ अशा ठरावीक लेव्हल दिल्या होत्या. लेव्हल्ड लिस्टमधून (लेव्हल पाहून कुणाला काय मिळणार ते ठरवणारी यादी) ग्लास आर्मर या महागड्या चिलखताच्या सगळ्या नोंदीही उडवल्या होत्या. तरी टेस्टमध्ये ग्लास आर्मर घातलेलेच समोर येत होते. ही अवस्था मूळ गेमहून वाईट. तिथे निदान तो दरोडेखोर लढतो तरी. माझ्याकडे एका घावात मरायचा आणि हजारोंचं चिलखत मागे ठेवायचा.

आधी वाटलं, जुन्या सेव्हचा दोष. सेल (गेममधली एक जागा) रीसेट व्हायला गेममधले ७२ तास लागतात, म्हणून बाहेर तीन दिवस काढून परत आत गेलो. फरक शून्य. मग थेट गटारातून बाहेर पडल्यापासूनच्या स्वच्छ सेव्हवर कन्सोलने लेव्हल चढवून पाहिली. तेच. निम्मे मॉड बंद, मग उरलेले निम्मे बंद. या सगळ्यात दोन आठवडे गेले. शेवटी टेस-फोर-एडिटमध्ये (प्रत्येक मॉडच्या नोंदी शेजारी शेजारी दाखवणारं साधन) ती लिस्ट उघडली आणि एकेक रकाना वाचत उजवीकडे सरकलो. माझ्या रकान्यात ग्लास नाही. अगदी शेवटच्या, बॅश्ड पॅचच्या (सगळ्या मॉडचे बदल एकत्र करणारी फाइल) रकान्यात मात्र ग्लास हजर!

झालं होतं असं. सोबत चालणाऱ्या एका चिलखतांच्या मॉडने त्याच लिस्टमध्ये आपली भर घातलीय आणि मूळ नोंदी तशाच ठेवल्यात. हा पॅच बांधणारा राय बॅश दोन्ही लिस्ट एकत्र करतो तेव्हा घातलेलं सगळं राखतो. मी मुद्दाम काय काढलं, हे त्याला सांगावं लागतं. त्यासाठी प्लगिनच्या (मॉडच्या फाइलच्या) वर्णनात डीलेव्ह टॅग हवा, आणि नोंदींच्या लेव्हल बदलल्या असतील तर रीलेव्हही. दोन्ही टॅग लिहिले, पॅच नव्याने बांधला, काम झालं. लेव्हल्ड लिस्टला हात लावणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशी करावं. आणि कन्स्ट्रक्शन सेट (मॉड बनवायचं साधन) वापरताना एक्स्टेंडर या जोडणीशिवाय काम सुरूच करू नका. साध्या सेटने माझं दोन संध्याकाळचं काम गिळलंय.

हा खटाटोप कशासाठी, असं नव्या मंडळींनी विचारलंय. याच मालिकेतल्या आधीच्या गेममध्ये, २००२च्या मॉरोविंडमध्ये, २७ स्किल्स होती, मार्च २००६च्या ऑब्लिव्हियनमध्ये २१ उरली. भाले गेले, क्रॉसबो गेले, मार्क-रिकॉल (जागा नोंदवून तिथे परतायची जादू) गेलं. तरंगणं गेलं, कारण शहरं दारापलीकडच्या वेगळ्या वर्ल्डस्पेसमध्ये (स्वतंत्र नकाशात) टाकली. मॉरोविंडमधल्या तेल्वानी जादूगारांच्या मनोऱ्यात जिनेच नाहीत, तरंगता येत नसेल तर खाली थांबा, ही त्या जगाची ऐट होती. तरी हे सगळं मी सोसलं असतं. सोसवत नाही ते खेळाडूच्या लेव्हलसोबत वाढणारं जग. मॉरोविंडमध्ये ग्लास आर्मर घोस्टगेटच्या टॉवर ऑफ डस्कमध्ये ठेवलेला होता. तिथवर पोहोचायची तुमची हिंमत हवी. ऑब्लिव्हियनमध्ये तोच आर्मर घालून वाटमारे १०० नाणी मागतात. ज्या गेमची मी चार वर्षं वाट पाहिली, त्यात हे बघताना खरंच गलबलून आलं होतं.

पुढचं काम प्रदेशांचं. राजधानीभोवती कमजोर टोळ्या, जेरॉल आणि व्हॅलस डोंगरांकडे जबर. एन्काउंटर झोन, म्हणजे प्रदेशानुसार शत्रूंची लेव्हल ठरवायची सोय, फॉलआउट ३ पासूनची, इथे ती नाही. म्हणजे प्रत्येक प्रदेशाच्या वेगळ्या लिस्ट बनवून २००हून जास्त गुहा आणि किल्ल्यांत हाताने बदलायच्या. गॉब्लिन वॉरलॉर्डचं लेव्हलसोबत फुगणारं हेल्थ त्यानंतर.

पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं, आणि आता तेच आधी करणार आहे. मॉरोविंडमध्ये हॅस्फाट अँटाबोलिस हे पात्र आर्कंगथँड या भग्नावशेषाची वाट तोंडी सांगतं: मूनमोथ किल्ल्यावरून पूर्वेला, फोयाडावरचा (लाव्हाने कोरलेल्या घळीवरचा) जुना ड्वेमर पूल, मग पाइपवरचा क्रँक. ऑब्लिव्हियनमध्ये सगळे संवाद आवाजी, म्हणून तोकडे. नवे संवाद घालायचे तर आवाज कुठून आणणार, यावर मी वर्षभर अडलोय. पण जर्नलला आवाज नाही, तो नुसता मजकूर आहे! वाटेच्या खुणा जर्नलमध्ये लिहायच्या आणि क्वेस्ट टार्गेट काढून कॉम्पासवरची खूण घालवायची. स्क्रिप्टला धक्का लागणार नाही.

सुरुवात वेनॉन प्रायरी या मठाच्या वाटेपासून. राजधानीच्या पश्चिमेचा पूल, वेये, मग ब्लॅक रोड धरून कोरोलच्या अलीकडे. आज रात्री फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट उडी) न वापरता हा रस्ता चालतोय, वही शेजारी घेऊन. तुमच्यापैकी कुणी तो पायी तुडवला असेल, तर अंधारातही ओळखू येणारी एखादी खूण सांगा.